आधी शिडाचं टोक

आज कुणावरही आवाज चढवायचा नाही, असं बाईंनी सकाळी देवापुढे हात जोडून ठरवलं होतं. नेम दुपारपर्यंत टिकला. मग शाळेतून घरी जाताना धक्क्याच्या वळणावर समोरून नेमका तांडेलच आला – खांद्यावर ओल्या दोराचं वेटोळं, ओठांवर शीळ – आणि देवाची क्षमा मागायलाही बाईंना सवड राहिली नाही.

"थांबा! हे वाचा." भूगोलाच्या पेपरांचा गठ्ठा त्यांनी त्याच्या छातीवर आपटला. "बत्तीस मुलं. बत्तीसच्या बत्तीस जणांनी लिहिलंय, पृथ्वी सपाट आहे. का, तर तांडेलकाका म्हणाले!"

होड्यांची माहिती द्यायला गेल्या आठवड्यात त्याला वर्गात बोलावलं होतं ते त्यांनीच. दोन दिवस आधीपासून ओढणीला इस्त्री करून. हे आठवून त्या आणखीच संतापल्या.

"परवा तपासणी आहे. साहेबांपुढे पोरं हेच बोलली, तर माझी नोकरी जाईल!"

"मग खोटं काय सांगितलं?" त्याचाही पारा चढला. "पंधरा वर्षं शीड सांभाळतोय. एकदा तरी चढ लागला का? उतार? तुम्ही पुस्तकात बघता, बाई. मी पाण्यावर बघतो."

"डोळे असून आंधळे आहात!"

"आणि तुम्ही काठावर बसून पोहायला शिकवता!"

"काठावरूनच दिसतं!" बाईंचा आवाज धक्काभर घुमला. "तुमची होडी परत येते, तेव्हा आधी शिडाचं टोक दिसतं. मग ते तपकिरी ठिगळ. होडी सगळ्यात शेवटी. पाणी सपाट असतं तर सगळी एकदम दिसली असती! सोमवारी तसंच, मंगळवारी तसंच, काल तर अर्धा तास उशीर केलात, मेला जीव नुसता –"

त्यांनी जीभ चावली. फार उशिरा.

"रोज... बघता?"

"शाळेची दुर्बीण आहे," बाई फणकारल्या. कान तापले होते. "प्रयोग म्हणून."

त्याने हसायला हवं होतं. तो हसला नाही. दोराचं वेटोळं हळूच खाली ठेवून म्हणाला, "मला आधी पिवळी ओढणी दिसते. तुमच्या गच्चीवरची. मग कठडा... मग खालच्या खिडक्या..." बोलता बोलता तो अडखळला. चेहरा पडला. "मला वाटायचं, मी तेवढंच शोधत असतो, म्हणून तेच आधी दिसतं."

लाट धक्क्यावर आपटली. बाईंनी गठ्ठा हिसकावून घेतला. राग अजून जागेवर होता.

"उद्या पहिल्या तासाला वर्गात यायचं. काय काय दिसतं, ते पोरांना सांगायचं."

"सगळं?"

त्या चार पावलं गेल्या. मग वळल्या.

"ओढणीसकट. अर्धवट उत्तराला मी मार्क देत नाही."