खिशातला खटका

काम साधंच होतं. जुना यंत्रमाग साफ करायचा आणि फिरवून दाखवायचा. ज्या संशोधकानं तो घडवला, त्याचं घर आता लोकांना बघायला खुलं होणार होतं. मी फिटर. झाडपूस करायला बायकोला सोबत नेलं होतं.

दारातच म्हातारा राखणदार तिला म्हणाला, "ताई, तेवढी वेणी वर बांधा. हा माग घडवणाऱ्याची लेक याच्याच पट्ट्यात वेणी अडकून मेली. मग त्यानं हा खटका बनवला. पट्ट्यात काही अडकलं, की माग आपोआप थांबतो."

"माझी वेणी अडकली तर पट्टाच तुटेल, बाबा," ती हसली. तिला केसांचा भारी तोरा.

भर दुपार होती, पण मागाच्या खोलीत उजेड बेताचाच. शिळ्या तेलाचा आणि ओल्या लोखंडाचा वास कोंडला होता. खटका गंजून गच्च बसलेला. तो सोडवून मी खिशात टाकला आणि पट्टा नुसता फिरतो का बघायला मोटर सुरू केली. बायको बाहेर पाणी आणायला गेलीय, असं मी धरून चाललो होतो.

मागाच्या दुसऱ्या टोकाला आलो, तर ती मागाखाली वाकून चिंध्या काढत होती. वेणी फिरत्या पट्ट्याकडे घसरत होती. बटण लांब राहिलं होतं. मी तिकडे वळलो.

पट्टा थांबला.

मोटर घुमत होती. पट्टा मात्र जागच्या जागी थरथरत होता, कुणीतरी दोन्ही हातांनी आवळून धरल्यासारखा. मी धडपडत जाऊन मोटर बंद केली.

ती बाहेर आली. वेणी डोक्यावर गुंडाळून पिवळट सुतानं घट्ट बांधलेली होती.

"सांगायचं तरी... मानेला किती गार हात लागले तुमचे."

"माझे..."

आमच्यामधलं अंतर तिनंही पाहिलं. मी खिसा चाचपला. खटका खिशातच होता.

ती गाठ सुटेना. घरी येऊन कात्रीनं कापली, सूत जाळलं. आता सुटलो, असं वाटलं.

परवा आमच्या लेकीचा फोन आला. ती शिकायला दूरच्या गावी असते, खोलीत एकटीच. लहानपणापासून केस मोकळे सोडून झोपते. हळूच म्हणाली,

"बाबा... रात्री झोपेत कुणीतरी माझे केस बांधले. आपल्याकडे इतके गार हात कुणाचे आहेत?"