आईकडची खूण

कोल्हापुरातल्या त्या रुग्णालयाच्या ओळखपाठ विभागात कुणाच्याही तोंडाला मास्क नसे. जुन्या परिचारिका नव्या मुलींना हे मुद्दाम सांगत. त्यांच्या उमेदवारीच्या काळात दुसऱ्याचं मूत्रपिंड किंवा यकृत बसवलेला माणूस जन्मभर गोळ्या खाई, गर्दीला भिई, साध्या सर्दीनं अंथरूण धरी. आता तो सहा महिन्यांतून एकदा येई, दंडात ओळखपाठाचं एक इंजेक्शन घेई आणि समोरच्या हॉटेलात मिसळ खाऊन घरी जाई.

उल्का तोडकर गेली सहा वर्षं तशीच येत होती. राजारामपुरीतल्या एका शाळेत ती गणित शिकवायची. लग्नानंतर दोन वर्षांतच तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि नवऱ्यानं, धैर्यशीलनं, आपलं एक तिला दिलं. शिरोलीला त्याचा फाउंड्रीचे लाकडी साचे करायचा कारखाना होता. ऑपरेशननंतर दीड महिन्यात तो कामावर होता आणि उल्का वर्गावर.

त्या सोमवारी मात्र ती इंजेक्शनच्या रांगेत बसली नाही. थेट डॉ. यास्मिन पटवेगारांच्या खोलीत गेली. ओळखपाठाची पद्धत बसवणाऱ्या चौघांपैकी त्या एक.

"डॉक्टर, मला सातवा आठवडा आहे."

"अरे वा! अभिनंदन."

"आधीची दोन अकराव्या-बाराव्या आठवड्यात गेली. सगळ्या तपासण्या झाल्या, कुठं काही सापडत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं."

डॉक्टरांचं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. तर्जनीवर पट्टी होती.

"हे काय?"

"भाजी चिरताना कापलं."

"कधी?"

उल्कानं मनात हिशेब केला. "दिवाळीच्या आधी."

दिवाळी होऊन दोन महिने झाले होते.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखम चिघळली नव्हती, पण भरलीही नव्हती. कडा करड्या पडून आत वळल्या होत्या. त्यांनी बराच वेळ बोट हातात धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "उद्या धैर्यशीलना घेऊन या. एक साधी तपासणी करू."

तपासणी खरंच साधी होती. धैर्यशीलच्या मांडीवरून मसुराच्या डाळीएवढा कातडीचा तुकडा काढला, उल्काच्या मांडीवरून तेवढाच दुसरा. दोन्ही उल्काच्या डाव्या दंडावर बोटभर अंतरानं बसवले आणि वर पारदर्शक पट्टी लावली. बारा दिवसांनी पट्टी काढली, तेव्हा एक तुकडा गुलाबी, ओलसर होता, आजूबाजूच्या कातडीत मिसळून गेला होता. दुसरा काळा पडून कोरडा झाला होता. डॉक्टरांनी चिमट्यानं नुसता स्पर्श केला, तर तो वाळल्या पानासारखा सुटून ट्रेमध्ये पडला.

"नाही लागला का माझा?" धैर्यशील ओशाळून म्हणाला.

"तुमचा लागला," डॉक्टर म्हणाल्या. "हा त्यांचा आहे."

उल्का ट्रेमधल्या त्या काळ्या कपच्याकडे पाहत राहिली. तिच्याच अंगाचा तुकडा, तिच्याच अंगावर लावलेला.

"मला समजेल असं सांगा," ती म्हणाली. "घाई करू नका."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "प्रत्येक माणसाच्या पेशींवर एक खूण असते. निम्मी आईकडून आलेली, निम्मी वडिलांकडून. शरीरात पहारेकरी पेशी फिरत असतात. त्या सापडेल तो कण उचलतात, काखेतल्या, मानेतल्या गाठींमध्ये नेतात आणि तिथं टी-पेशींना दाखवतात. पोलिसांची ओळखपरेड असते ना, तसं. टी-पेशीनं 'हा परका' म्हटलं की हल्ला. म्हणून दुसऱ्याचा अवयव टिकत नसे."

"आणि ओळखपाठ?"

"बसवलेल्या अवयवातून बारीक बुडबुडे सुटतात, त्यांच्यावर दात्याची खूण असते. पहारेकरी पेशी ती जशीच्या तशी आपल्या अंगावर चढवतात, म्हणजे दुसऱ्याचा सदरा घालावा तशी. हे निसर्गातच घडतं. आम्ही एवढंच केलं, की अशा सदरा घातलेल्या पहारेकऱ्यांना शांत राहायला शिकवलं. परेडमध्ये त्या खूण दाखवतात, पण शिट्टी वाजवत नाहीत. टी-पेशींना वाटतं, हा घरचाच. अवयव टिकतो."

"मग बिघडलं कुठं?"

"बिघडलं नाही. जास्तच नीट झालं." "छातीत थायमस नावाची ग्रंथी असते. ती टी-पेशींची शाळा. पहारेकरी पेशी तिथंही जातात. सहा वर्षांत तुमचे इतके पहारेकरी धैर्यशीलची खूण घालून फिरायला लागले, की शाळेतल्या नव्या टी-पेशींना तीच एक दिसली. तुमची खूण त्यांच्या अभ्यासात आलीच नाही. जुन्या टी-पेशी संपत चालल्या. ज्या उरल्यात, त्यांच्या दृष्टीनं घरचे म्हणजे धैर्यशील."

"आणि मी?"

"तुम्ही परक्या."

धैर्यशील उठून खिडकीशी गेला.

"पण मी तर धडधाकट आहे," उल्का म्हणाली.

"जिथं जखम नाही, जिथं नवं काही घडत नाही, तिथं टी-पेशी फिरकत नाहीत. तुमचं शरीर त्या सवलतीवर चाललंय. पण काही कापलं, भाजलं, नवं काही वाढायला लागलं, की परेड भरते."

उल्काचा हात पोटाशी गेला. तिला पुढचं उमगलं होतं, तरी तिनं विचारलं. गणिताच्या बाईंना उत्तर मांडून दाखवलेलं लागतं.

"गर्भात निम्मी खूण बापाची असते," डॉक्टर सांगू लागल्या. "ती आईला परकी. तरी निसर्ग नऊ महिने ती सांभाळून घेतो, त्याची त्याला सवय आहे. तुमच्यात उलटं झालंय. बापाची खूण तुमच्या शरीराला घरची वाटते. परकी वाटते ती—"

"माझी."

"हो. बाळात जे तुमचं आहे, त्याच्यावर हल्ला होतो. हे सांभाळून घ्यायची युक्ती निसर्गाकडे नाही, कारण असं कधी घडलेलंच नाही."

वाटा तीन होत्या. टी-पेशींना दाबून ठेवणाऱ्या जुन्या गोळ्या भरपूर द्यायच्या. मूल वाचण्याची शक्यता दहात एक. किंवा मूत्रपिंड काढायचं, ओळखपाठ थांबवायचे, डायलिसिसवर राहायचं आणि शरीर पुन्हा उल्काला ओळखू लागेल याची वाट पाहायची. तीन वर्षं, चार वर्षं, कदाचित कधीच नाही. यातून हे मूल वाचणार नव्हतंच. तिसरी वाट आजवर कुणी वापरलेली नव्हती. दहाव्या आठवड्यात बारीक सुईनं एक औषध सोडायचं. त्यानं गर्भाच्या पेशींवरची आईकडची खूण कायमची निजते, फक्त बापाची दिसते. डॉक्टरांच्या टिपणांत अशा गर्भाला 'एकखुणी' म्हटलं होतं.

"मूल तुमचंच असेल," त्या म्हणाल्या. "नाक, डोळे, आवाज, स्वभाव, यातलं काही आपण हलवत नाही. खूण तेवढी दिसणार नाही."

"आणि मुलाच्या शरीराला मी कोण?"

डॉक्टरांनी टिपणांची वही मिटली. "बाळाची ती शाळा त्या सुमाराला उघडत असते. तिथं एकच खूण शिकवली जाईल. एरवी पोटात असताना आईच्या काही पेशी बाळात उतरतात आणि जन्मभर राहतात. प्रत्येक माणसात थोडी आई शिल्लक असते. या बाळात नसेल. त्याचं शरीर त्या पेशी हुडकून काढून टाकेल."

"माझ्यात माझ्या आईच्या आहेत?"

"होत्या," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

घरी दोन दिवस दोघं या विषयाला शिवले नाहीत. धैर्यशील कारखान्यातून लवकर येई, तिला भांडी घासू देत नसे, सुरीला हात लावू देत नसे. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता तो एकदम म्हणाला, "मी फक्त किडनी दिली होती गं."

"माहीत आहे."

"नाही, ऐक. लोक म्हणायचे, केवढा जीव लावतोस बायकोला. मला बरं वाटायचं. आणि आता बघतो तर मी तुला आतनं खाल्लंय."

"तू नाही खाल्लंस. तुला तरी कुठं ठाऊक होतं?"

"काढून टाकू किडनी. मूल नको आपल्याला."

"मला हवंय."

"असलं? ज्याला तू परकी?"

उल्कानं कप खाली ठेवला. "धैर्यशील, मलाच मी परकी आहे आता. दंडावर बघितलंस ना तू? तुझ्याच कातडीचा तुकडा तेवढा जिवंत राहिला. माझं नाक घेऊन कुणी या घरात हिंडणार असेल, तर मला तेवढं पुरे आहे. दोनदा मी त्याला आत मारलंय. तिसऱ्यांदा नाही मारायचं."

त्यानं तिच्या बोटाची पट्टी सोडली, जखम धुतली आणि पुन्हा बांधली. दुसऱ्या दिवशी दोघांनी कागदांवर सह्या केल्या.

सुई टोचायला चार मिनिटं लागली. बारावा आठवडा आला आणि गेला. सोळाव्या आठवड्यात उल्कानं पहिल्यांदा हालचाल ओळखली आणि फळ्याकडे तोंड करून ती तशीच उभी राहिली. मुलं वाट बघत होती, उदाहरण अर्धं राहिलं होतं. दर आठवड्याला डॉक्टर रक्त तपासत. टी-पेशी गर्भापाशी येत, पाहत आणि निघून जात. एवढी शांत गर्भारपणं आपण कमी पाहिलीत, असं डॉक्टर म्हणाल्या, पण म्हणताना त्या खूश दिसल्या नाहीत. शेवटच्या महिन्यात त्यांनी उल्काच्या रक्तातली बाळाची पेशी आणि धैर्यशीलची पेशी परेडला शेजारी शेजारी लावून पाहिली. उल्काच्या टी-पेशींना दोघांत फरक करता आला नाही.

मुलगी झाली. पावणेतीन किलोंची. नाक उल्काचं, अगदी शेंड्याच्या बारीक खळीसकट. पोट चिरावं लागलं नाही म्हणून डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण ती जखम भरली नसती. धैर्यशील मुलीकडे पाहून रडला आणि मग उल्काकडे पाहून रडला.

पहिले दोन दिवस ती मुलीला अंगावर पाजत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या ओठांभोवती लाल वळ उठले. दुपारी ते हनुवटीवर उतरले, जीभ सुजली आणि तिला गिळता येईना. मुलीला काचेच्या खोलीत नेलं. संध्याकाळी डॉ. पटवेगार आल्या आणि उल्काच्या पलंगावर, रुग्णाच्या नातेवाइकानं बसावं तशा बसल्या.

"आईच्या दुधात जिवंत पेशी असतात," त्या म्हणाल्या. "एका थेंबात हजारो. एरवी बाळाला त्या चालतात, उपयोगीच पडतात. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं."

"तिला काय होतंय?"

"तिची परेड भरली. एवढ्या लहान वयात ती भरत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. चुकलं आमचं."

"म्हणजे माझं दूध..."

"द्या. पोषण तुमचंच असू द्या. फक्त आधी तापवा. बासष्ट अंश, अर्धा तास. त्यात जिवंत काही राहता कामा नये."

"आणि अंगावर?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

मुलगी आठवड्यात बरी झाली आणि सगळे घरी आले. दर तीन तासांनी उल्का दूध काढून स्टीलच्या भांड्यात ओते, भांडं गरम पाण्यात ठेवी, आत थर्मामीटर सोडी आणि घड्याळ लावून ओट्याशी उभी राही. बाहेरच्या खोलीत धैर्यशील उघड्या छातीवर मुलीला घेऊन येरझारा घाली. त्याच्या अंगाला गाल टेकला की ती रडायची थांबे.

अर्धा तास भरला, की उल्का दुधाचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन रुग्णालयानं दिलेल्या लहानशा सूक्ष्मदर्शकाखाली धरी. गोल गोल, आपल्या त्या पेशी शोधी. सगळ्या निपचित पडलेल्या असत. एकही हलत नाही, याची दोनदा खात्री करून ती दूध बाटलीत भरी आणि हाक मारी, "आण तिला. झालंय."