आत्याच्या हातातली खरखर

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. जे घडलं ते माझ्या घरच्यांच्या बाबतीत घडलं, आणि शेवटी तर मी स्वतः तिथे होते.

आणि हो, रात्र-बित्र काही नव्हती. सोमवार होता, भर दुपार होती. हॉस्पिटलच्या खिडकीखाली पार्किंगवाला गाड्यांवर खेकसत होता. भुतांना वेळापत्रक असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?

माझा आतेभाऊ एमआरआयची मशीनं बसवणारा इंजिनिअर. मी त्याला दादा म्हणते. आत्याचा एकुलता एक. ती अवाढव्य, बोगद्यासारखी मशीनं नव्हेत हं. दादाचं मशीन छोटं, चाकांवरचं, कमी ताकदीच्या चुंबकाचं. मोठ्या मशीनला तांब्याने मढवलेली खोली लागते, बाहेरच्या विजेचा त्रास आत पोचू नये म्हणून. याला ती लागत नाही.

पण चुंबक दुबळं, म्हणून शरीरातून येणारा सिग्नल अगदी कुजबुजल्यासारखा. आणि आजूबाजूला लिफ्ट, ट्यूबलाइट, पाण्याचा पंप, कुणाच्या तरी खिशातला फोन... सगळे बोंबलत असतात. मग फोटोवर पांढऱ्या रेघा उठतात. दादा त्याला खरखर म्हणायचा. ती घालवणं हेच त्याचं काम. मशीनभोवती तो छोट्या कॉइल्स, म्हणजे तारेची वेटोळी, लावायचा. त्या बाहेरचा गोंगाट ऐकायच्या, आणि कॉम्प्युटर तेवढा गोंगाट फोटोतून वजा करायचा. हॉस्पिटलात लोक त्याला पाठीमागे खरखरसाहेब म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे.

माणसाचं शरीरही अँटेनाच असतं. पेशंटचा हात दुसऱ्या कुणी धरला, की दोघांची मिळून खरखर वाढते. स्क्रीनवर खरखर मोजणारी रेष असते, ती टुणकन वर जाते.

म्हणून दादाचा नियम एकच. पेशंटला कुणी हात लावायचा नाही.

पोर रडू दे, म्हातारा घाबरू दे. दादा दारातूनच ओरडायचा, "हात सोडा हो! पळून चाललाय का तो?"

या हॉस्पिटलात मशीन लावलं आणि पहिल्याच आठवड्यात डोक्याला ताप झाला. बेड रिकामा असला की सगळं शांत. पेशंट झोपला की सुरुवातीला शांत. आणि मग...

रेष वर.

कुणी हात धरावा तशी.

ऑपरेटरबाई आत डोकावून बघायच्या. पेशंट एकटाच.

दादाने लिफ्ट थांबवली. पंप बंद केला. ट्यूबलाइट काढल्या. सगळ्यांचे फोन मागच्या इमारतीत ठेवायला लावले. रेष तिथेच.

आणि पेशंट उठताना काहीबाही बोलायचे. एका ड्रायव्हरने विचारलं, "माझा भाऊ कुठे गेला? आत्ता तर इथे बसला होता." एका आजोबांनी सुनेची चौकशी केली. सून घरी होती. सगळ्यांचं म्हणणं एकच... कुणीतरी हात धरला होता. आपलंच माणूस होतं.

"सर, मी इथे एकटी बसणार नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"कशाला घाबरता? फुकटात पेशंटची सेवा करतंय बिचारं," दादा हसत म्हणाला.

पण फोटो बिघडत होते, आणि ते त्याला सहन होईना. त्याने एक पट्टा बनवला. मनगटाला बांधायचा, त्याची तार अर्थिंगला. हातातून येणारी खरखर सरळ जमिनीत.

रेष खाली बसली. फोटो काचेसारखे स्वच्छ.

फक्त एक झालं. पट्टा बांधलेले पेशंट उठताना रडायचे. अगदी हमसून हमसून. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. दादाला त्याचं काय! त्याचे फोटो चांगले येत होते ना.

मग तो सोमवार.

आत्या कपडे वाळत घालताना कोसळली. वाचा गेली. उजवी बाजू लुळी. हॉस्पिटलची मोठी मशीनं, सीटी स्कॅनसुद्धा, नेमकी दुरुस्तीला. डॉक्टर म्हणाले, "गुठळी आहे की रक्तस्राव, एवढंच कळू दे मला. गुठळी असेल तर इंजेक्शन देतो, वाचतील. रक्तस्राव असला आणि दिलं, तर मीच मारल्यासारखं होईल. लवकर!"

दादाने स्वतःच तिला बेडवर झोपवलं. आत्याने डाव्या हाताने त्याचा शर्ट घट्ट पकडला. डोळे नुसते भेदरलेले.

"सोड, आई. फोटो बिघडेल. मी इथेच दारात आहे."

ती सोडेना. त्याने तिची बोटं सोडवली, डाव्या मनगटाला पट्टा बांधला आणि बाहेर आला.

रेष शांत होती. आणि मग...

वर. एवढी वर कधीच गेली नव्हती.

"काय हे? नुसत्या रेघा!" डॉक्टर ओरडले.

दादाने आत पाहिलं. आत्याचा चेहरा शांत झाला होता. भीती पार गेली होती. आणि तिचा उजवा हात...

लुळा हात.

त्याची मूठ वळली होती. अंगठा हळूहळू हलत होता. लहान मुलाचा हात कुरवाळावा तसा.

दादा दुसरा पट्टा घेऊन आत धावला. मूठ उघडेना. त्याने एकेक बोट ओढून उघडलं. मुठीत काही नव्हतं. ऊब होती फक्त. आत्याच्या घशातून सकाळपासूनचा पहिला आवाज निघाला. दादा म्हणतो, तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. त्याने पट्टा आवळला.

रेष खाली. फोटो स्वच्छ. गुठळी होती. इंजेक्शन गेलं. आत्या वाचली!

सगळ्यांनी दादाची पाठ थोपटली. मीही थोपटली.

काही आठवड्यांनी आत्याची वाचा परत आली. मी शेजारीच होते. तिचे पहिले शब्द होते, "माझा मुलगा कुठाय?"

"आई, हा काय मी!" दादाला रडू फुटलं.

आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडे वळली.

"हा नव्हे गं. माझा. माझा हात धरून बसला होता तो. या माणसाने हाकललं त्याला."

डॉक्टर म्हणाले, मेंदूला इजा झाली की होतं असं. होत असेलही. पण आत्या मला ओळखते. शेजारणीला ओळखते. दादाचे शाळेतले फोटो दाखवले तर फोटोतल्या पोरालाही ओळखते, त्याच्या खोड्या सांगते. फक्त समोर बसलेल्या दादाला नाही. त्याच्या हातचं पाणीही पीत नाही. तिचा एकच धोशा, मला त्या खोलीत न्या.

शेवटी दादाने नेलं. मी सोबत होते. पट्टा बांधला नाही. मशीन सुरू केलं आणि आम्ही दारात उभे राहिलो. आत्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून बेडच्या कडेला ठेवला.

थोडा वेळ काहीच नाही. पंपसुद्धा बंद होता. आणि मग...

रेष वर गेली. मी डोळ्यांनी पाहिली.

लुळी बोटं मिटली. आत्या खुदकन हसली. "आलास? जेवलास का रे?"

"आई..." दादाच्या तोंडून निघून गेलं.

आत्याने मान वळवली. अगदी सभ्यपणे, परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "तुम्ही जा आता. माझा मुलगा आलाय."

दादा मागे सरला. भिंतीला टेकून उभा राहिला.

आता तो तिला रोज दुपारी तिथे नेतो. पट्टे त्याने कापून टाकलेत. मशीन अजून नीट चालत नाही, असं कंपनीला कळवत राहतो, म्हणजे त्याला तिथे येत राहता येतं. ती कुणाचा हात धरते, ते आम्हाला माहीत नाही. आत जाऊन बघायची माझी तर छातीच होत नाही.

परवा मीही गेले होते. परत येताना दादा गाडी चालवत होता. आत्या मागे माझ्याजवळ बसली होती. खूश होती. माझ्या कानाशी वाकून तिने विचारलं, पण आवाज काही फार लहान नव्हता.

"या गाडीवाल्याला आई नाही का गं? रोज आपल्याकडेच असतो."

दादाने ऐकलं. त्याने समोरचा आरसा वर वळवला.