भिंगरीच्या चार वाहिन्या

लहान मुलाच्या हृदयाची सोनोग्राफी करायची तर आधी आईबापाला पलंगावर बसवावं लागतं, हे मी सतरा वर्षांच्या डॉक्टरकीत शिकले. मूल एकटं ठेवलं की भोकाड पसरतं आणि पडद्यावर नुसता धुरळा दिसतो. म्हणून आई नाहीतर बाप पाठ टेकून बसतो, मूल त्याच्या छातीला टेकतं, जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवून ऊबदार केलेली असते. मग मी मोजायला लागते. 'जे मोजलं नाही ते झालं नाही' असं मी इतक्यांदा म्हणते की सिस्टर माझी नक्कल करतात.

भिंगरी पाच वर्षांची होती. फुप्फुसांतून हृदयात रक्त आणणाऱ्या चार वाहिन्या असतात, दोन उजव्या, दोन डाव्या. तिच्या चारही अरुंद होत चालल्या होत्या. हे दुखणं मोठं खाष्ट. फुगा घालून वाहिनी रुंद करावी, तर दीड-दोन महिन्यांत ती पुन्हा मिटते. तिची एक शस्त्रक्रिया आणि तीन फुगे होऊन गेले होते, शिवाय वाहिन्यांच्या आतली वाढ रोखणारं औषध चालू होतं. वडील तिला कडेवर घेऊन यायचे. ते तलावावर मुलांना पोहायला शिकवत, म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. आईला कारखान्यातून सुट्टी मिळत नसे.

चौथ्या वेळी फुगा घालणारे आमचे डॉक्टर हात हलवत बाहेर आले. "डावी वरची गेली. तारसुद्धा आत जात नाही."

आठवड्याने मी ती वाहिनी पाहिली, तर उघडी. सव्वाचार मिलिमीटर. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. सव्वाचार.

मी डॉक्टरांना बोलावलं. तोवर मास्तर तोंड धुवायला गेले होते आणि भिंगरी सिस्टरच्या कुशीत होती. वाहिनी ठार बंद.

"बाई, चष्मा बदला," डॉक्टर म्हणाले आणि कॉफी पीत निघून गेले.

मास्तर परत आले, मुलीला घेतलं, वाहिनी उघडली. मी हट्टाने तीनदा तपासलं. रिकाम्या पलंगावर बंद, सिस्टरकडे बंद, बापाकडे उघडी. पंधरा दिवसांनी मात्र ती कुणाच्याही कुशीत उघडीच राहिली. सगळ्यांनी औषधाला श्रेय दिलं, मीही मान डोलावली.

पुढच्या महिन्यात डावी खालची उघडली.

"आज मी जिना चालत आले!" भिंगरीने दारातूनच सांगितलं. मास्तर बऱ्याच वेळाने कठड्याला धरून वर आले. "म्हातारा झालो हो," ते हसून म्हणाले. चौतीस वर्षांचा माणूस.

"जरा शर्ट वर करा, मशीन तपासायचंय," मी खोटंच सांगितलं. मोठ्यांच्या या वाहिन्या बाहेरून सहसा धड दिसत नाहीत, पण ते सडपातळ होते. डावी वरची सापडलीच नाही. डावी खालची दोन मिलिमीटर. धडधाकट माणसाला हे होत नाही. मी त्यांची छाती पुसून दिली.

"बरोबर आहे ना मशीन?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

मी भिंगरीचा अहवाल लिहिला आणि बापाबद्दल मूग गिळून बसले. नंतरच्या खेपेला तिला सिस्टरकडे देता आलं असतं. मी म्हणाले, "तुम्हीच घ्या मास्तर, तुमच्याकडे शांत बसते." हे माझ्या तोंडचे शब्द आहेत आणि ते मी शुद्धीत बोलले. मला ती मुलगी जगायला हवी होती. त्या दिवशी उजवी वरची उघडली.

शेवटच्या खेपेला ते आले तेव्हा त्यांनी तलावावरची नोकरी सोडली होती. शिट्टी वाजवता येत नाही, म्हणाले. ओठांवर निळसर झाक होती. मूल पुन्हा त्यांच्याकडे द्यायचा मला धीर झाला नाही.

"आज सिस्टर घेतील तिला."

"का?"

"तुम्हाला दम लागतोय. तुमच्याच तपासण्या आधी करू या."

ते पलंगावर जाऊन बसले. "डॉक्टर, मशीन तपासायचंय म्हणालात, तेव्हा मी पडदा बघत होतो. दोन वर्षं तोच तर बघतोय. मला काय कळत नाही होय?"

मी जेलची बाटली पाण्यातून काढून पुसत राहिले.

"हिच्या आईला सांगू नका, एवढंच. ये गं भिंगरे."

ती धावत गेली आणि त्यांच्या छातीला टेकली.

मी थांबवू शकले असते. छातीवर फिरवायचा प्रोब हातात होता, तो खाली ठेवायचा, एवढंच.

उजवी खालची. दोन.

तीन.

पाच.

भिंगरीची नखं गुलाबी झाली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

अकरा दिवसांनी ते गेले. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं होतं, असं त्यांच्या बायकोने फोनवर सांगितलं. मी खोलीची कडी लावून रडले आणि मग पुढच्या मुलाला आत घेतलं.

सव्वा वर्ष भिंगरी शाळेत पळत होती. दर तीन महिन्यांनी मी चार वाहिन्या मोजायचे, चारही उघड्या असायच्या. या मंगळवारी आई तिला घेऊन आली. डावी वरची दोन पूर्णांक तीन.

परत मिटत होती. खाष्ट दुखणं ते, बापाचीसुद्धा भीड ठेवली नाही.

"सगळं ठीक ना?" आईने विचारलं. भिंगरी तिच्या कुशीत रेलली होती. मी उत्तर देणार तोच पडद्यावरचा आकडा हलला. अडीच. पावणेतीन.

मी हात मागे घेतला. "ताई, तुम्ही बाहेर बसा जरा. चहा घ्या."

"पण हिला धरायला..."

"मी आहे."

ती गेल्यावर मी प्रोब माझ्या सहायक डॉक्टरच्या हातात दिला आणि चपला काढून पलंगावर बसले. कालची पोरगी ती, तिला काही कळेना.

"मॅडम, तुम्ही?"

"तू मोज. आकडे मोठ्याने सांग."

भिंगरी आता जड झाली होती. तिच्या केसांना पेन्सिलीच्या भुश्शाचा वास होता. सिस्टरकडे काही घडलं नव्हतं, माझ्याकडे घडेल की नाही मला माहीत नव्हतं.

"पावणेतीन," सहायक म्हणाली. "पावणेतीनच."

मी तिला घट्ट धरलं. घे बाई, मी मनात म्हटलं, त्या माणसाकडून घेऊ दिलं, आता माझ्याकडून घे.

"साडेतीन. मॅडम, चार! मघाशी नीट दिसली नसेल ना?"

"नसेल."

आईला आत बोलावून मी सगळं ठीक आहे असं सांगितलं, तेव्हा तिच्या जीवात जीव आला. भिंगरी मला हात हलवून टाटा करत गेली.

सहायक डॉक्टरने नोंदवही उघडली. "तीन महिन्यांनंतरची तारीख देऊ?"

"महिन्याभरानंतरची दे," मी म्हणाले, "माझ्या ड्यूटीच्या दिवसाची." हे एवढंसं वाक्य मला दोन श्वासांत म्हणावं लागलं.