बंद मोटारीतला कोपरा

बैस पारुबाई. आधी ह्या लेकराला मांडीवर घे आन् बोळ्यानं शेळीचं दूध पाज. भागा कुठं हाय ते सांगते, पण सुरवातीपासून सांगू दे. तू सुईण, माझ्या सुनेचं, भागाचं बाळंतपण तुझ्याच हातनं झालं, म्हणून तुला सांगते. माझा रामकिशन बाजारातनं यायच्या आत. तो माझ्या शब्दावर मोटार घेऊन बसला, आन् माझा शब्द खोटा व्हता.

लढाई संपली तवा फौजेच्या जुन्या मोटारी हिंगोलीला विकायला आल्या. माझ्या पोराचा आन् कळमनुरीच्या अन्सारभाईंचा शेळ्या-मेंढ्यांचा धंदा भागीत. जनावरं बाजारोबाजार चालवत न्यायची, ती वाटंतच वाळून जायची. म्हणून मोटार घ्यायचं ठरलं. पोरानं मला नेलं, चांदीलाबी नेलं. चांदी आमची म्होरकी मेंढी. आमच्यात चाल हाय, नव्या जागी कळप बसवायचा तर आधी म्होरकी सोडायची. ती बसून रवंथ करू लागली की जागा चांगली. उभीच राहिली तर तिथं मुक्काम न्हाई. मोटार झाली म्हणून काय झालं, जनावरं ठेवायची जागाच की ती!

दोन मोटारी व्हत्या. एक उघडी, चौबाजूंनी नुसत्या फळ्या. दुसरी बंद, मोठ्या पेटीवाणी. आत माणूस सरळ उभं राहील एवढी, मागं दोन दारं, वर जाळीचा झरोका.

"उघडी घ्या, हवा खेळती राहते," अन्सारभाई म्हणाले.

"बंद असली तर लोकर भिजत न्हाई, बोकडं उड्या टाकत न्हाईत," रामकिशन म्हणला. "आई, चांदीला आत घे. ती म्हणंल ते खरं."

माझा जीव बंद मोटारीतच गुंतलेला. भागाला दिवस गेले व्हते. मागल्या खेपेला कुरुंद्याच्या वाटंला भर उन्हात मीच तिला चालवली, चाल गं, पुढं झाड हाय म्हणत, आन् तिचं पोट पडलं. आता पोरगी सावलीला बसून जाईल, एवढंच माझ्या डोक्यात व्हतं.

चांदीला घेऊन आत चढले. मागं दार आपसूक लोटलं गेलं. आत तेलाचा, लोखंडाचा वास, आन् मधूनच कच्च्या दुधाचा. चांदी बसली न्हाई. कोपऱ्याकडं तोंड करून उभी राहिली आन् घशातल्या घशात घुरघुरली... पारुबाई, मेंढी असा आवाज फक्त आपल्या कोकराला बोलावताना काढती. चांदी म्हातारी, तिला व्यायला लई वर्षं झाली. पण तिला पान्हा फुटला बाई, दूध खाली टपकू लागलं. कोपऱ्यात काहीच नव्हतं. म्या हात फिरवला. सगळा पत्रा तापलेला, तेवढीच जागा गार.

"आई, बसली का?" बाहेरून रामकिशन.

"बसली," मी म्हणले. "रवंथबी केला."

पदरानं चांदीची कास पुसली आन् उतरले. अन्सारभाई मेंढीकडं बघत राहिले. "बनाबाई, बराबर बघितलं ना तुमी?"

"व्हय! जनावर मला कळत न्हाई व्हय?" उलट मीच त्यांच्या अंगावर गेले. जीभ कशी झडली न्हाई माझी!

पहिल्याच बाजाराला भागा मोटारीत बसली. कळमनुरीला दार उघडलं तर मेंढ्या सगळ्या दाराशी दाटलेल्या, आन् भागा एकटी त्या कोपऱ्यात. मांडीवर पदर पसरून थोपटून राहिली व्हती.

"काय थोपटून राहिलीस गं?"

"हळू, आत्या... आत्ताच झोपलंय."

मग तीच दचकली, हसली. मीबी हसले. पोटातल्या लेकराचं बोलत असंल, अशी मनाची समजूत घातली.

पोरगं चांगलं गुटगुटीत झालं, तुला ठावं हाय. पण ते एकाच अंगाला पितं. तू म्हणालीस, दुसऱ्या अंगाचं दूध पिळून टाका, न्हाईतर ठणका लागंल. काय पिळणार बाई? मोटार दारात असली की ते अंग रिकामंच. मोटार परगावी गेली की तट्ट फुगतं, ताप चढतो, आन् भागा मला विचारती, आत्या, मोटार कवा येईल... हे बघून माझा जीव मला खातो. माझंच पाप हाय हे.

आज सकाळी रामकिशन म्हणला, मोटारीला गिऱ्हाईक आलंय, उद्या देऊन टाकू. मला वाटलं, सुटलो बाबा! भागानं पोरगं माझ्या मांडीवर ठेवलं आन् मोटारीत जाऊन बसली. तवापासून हे भुकेनं रडून राहिलंय. म्या दार ओढून ओढून हात सोलून घेतले. आतून भागा घुरघुरती, चांदीवाणी... दार काही उघडत न्हाई.

आन् पारुबाई, त्या दाराला आतून कडीच न्हाई.