उबिनच्या वाटेवरचा काळा धूर

"निशिकांतकाका, बोटीच्या लायसन्सच्या परीक्षेत तुम्ही कितव्या वेळी पास झालात?"

उत्कर्षाने विचारलं आणि मागे बसलेले गार्गी आणि रुचिर हसू दाबत लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांशी खेळू लागले. पैज त्यांनीच लावली होती. काका म्हणजे त्यांचे बाबा. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं, पण तोंडावर विचारायची छाती नव्हती. गेल्या वर्षीपर्यंत उत्कर्षा वर्गात हातही वर करत नसे. आता ती सेकंडरी थ्रीत, म्हणजे नववीत होती आणि तिला कुठलाच प्रश्न अवघड वाटत नव्हता.

"तिसऱ्या," काका समोरून नजर न हलवता म्हणाले. "आणि तुला विचारायला कोणी लावलं तेही कळलंय. त्या दोघांना आज बिस्किटं नाहीत."

सिंगापुरात जूनची सुट्टी होती. काकांनी विकत घेतलेली ही जुनी डिझेल बोट पहिल्यांदाच पुलाउ उबिन बेटाकडे निघाली होती. कालच तिचं ऑइल बदललं होतं, तेही उत्कर्षाच्या बाबांनी. चंद्रशेखर जहाजावर चीफ इंजिनिअर होते आणि रजेवर यिशुनच्या घरी आले होते. मित्रमंडळींत त्यांना सगळे 'चीफ'च म्हणत. इंजिन बिघडलं की चीफला फोन, आणि चीफने हात लावला की विषय संपला, असा त्यांचा लौकिक होता. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा जहाजावर जाणार होते.

आणि काल त्यांच्या हाताखाली उत्कर्षा होती. हे तिने जेट्टीपासून इथपर्यंत निदान चार वेळा सांगितलं होतं. जहाजावरचा नियमही तिने ऐकवला: काम करताना इंजिनाचं कुठलंही उघडं तोंड दिसलं की आधी त्यात चिंधी कोंबायची, म्हणजे आत नट-बोल्ट पडत नाहीत. चिंधीला लाल फीत बांधून ती बाहेर लोंबती ठेवायची, म्हणजे चिंधी आत राहत नाही. काम नीट शिकली तर डिसेंबरमधलं सगळं सर्व्हिसिंग तिने एकटीने करायचं, असं बाबांनी कबूल केलं होतं.

रुचिरने विचारलं, कोणी फीत बांधायलाच विसरलं तर?

"चीफची मुलगी विसरत नाही," उत्कर्षा म्हणाली.

मोकळं पाणी लागलं तसा काकांनी वेग वाढवला. बोट नाक वर करून पळाली, आणि लगेच मागून काळाकुट्ट धूर निघाला. इंजिन खोकल्यासारखं दोनदा गचकलं आणि बंद पडलं.

काका स्टार्टर फिरवत राहिले. घर्रर्र, घर्रर्र, पण इंजिन पकड घेईना. भरतीचं पाणी बोटीला हळूहळू बाजूला ओढत होतं. तिकडे मासे पाळायची तरंगती जाळी पसरलेली होती. पंख्यात जाळं अडकलं असतं तर बोटही अडकली असती आणि जाळंही फाटलं असतं.

"काका, थांबा ना! बॅटरी संपेल," उत्कर्षा म्हणाली. "रुचिर, नांगर टाक."

"कॅन ला, टाकतो की," म्हणत रुचिरने नांगर सोडला. दोर ताठ झाला आणि बोट जाळ्यांच्या अलीकडेच थबकली.

काकांनी चीफला फोन लावला. ते तांजोंग पगारला कंपनीच्या ऑफिसात, मीटिंगमध्ये होते. फोन कोणी उचलेना तसा काकांचा पारा चढला. काल ऑइल बदललं आणि आज इंजिन गेलं, म्हणजे ऑइलच चुकीचं घातलं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

उत्कर्षाला ते झोंबलं. बाबांकडून चूक? शक्यच नाही. तिने इंजिनावरचं झाकण उघडलं आणि ऑइलची पट्टी बाहेर काढून पुसून पुन्हा बुडवली. ऑइल खुणेपर्यंत होतं, मधासारखं स्वच्छ. पाणी मिसळलं असतं तर ते दुधाळ दिसलं असतं. ऑइल फिल्टरखाली बोट फिरवलं तर कोरडं. मग डिझेल? ते पोचत होतं, म्हणून तर एवढा धूर आला.

"धूर काळा होता," ती मोठ्याने विचार करत म्हणाली. "म्हणजे डिझेल आहे, पण नीट जळत नाही. त्याला हवा कमी..."

ती थांबली. तिला कालची दुपार आठवली. एअर फिल्टर धुवायला काढलेला, हवेचं तोंड उघडं. बाबा कंपनीचा फोन घ्यायला जेट्टीवर गेलेले. ते परत येईपर्यंत 'फिल्टर मी बसवला' म्हणून तिने ऐटीत हात पुसले होते. जागेवर उभ्या बोटीत इंजिन मजेत चाललंही होतं.

आज वेग वाढला आणि इंजिनाने जोरात श्वास ओढला.

तिने एअर फिल्टर सोडवला. आतून पिवळं कापड निघालं, चोळामोळा होऊन घट्ट बसलेलं. लाल फीत कुठेच नव्हती.

टॉर्च धरून उभी असलेली गार्गी हळूच म्हणाली, "हा तुझा शाळेचा टीशर्ट ना?"

उत्कर्षा काही बोलायच्या आत काकांनी चिंधी पाहिली. ते खदखदून हसले. "चीफसाहेब चिंधी आत विसरले! आणि शोधली कोणी? पोरीने!"

चिंधी आपणच विसरलो हे सांगायला तिने तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते एवढंच, "काका, आता स्टार्ट करा."

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. रुचिरने टाळ्या पिटल्या. गार्गीने नाही.

परत जेट्टीला लागेपर्यंत काकांनी काढलेला चिंधीचा फोटो मित्रमंडळींच्या ग्रुपवर गेला होता. बाबा ऑफिसातून थेट तिथेच आले होते. काकांनी त्यांच्यासमोर उत्कर्षाची पाठ थोपटली. "चीफ, डिसेंबरला तू येऊच नकोस. हिलाच पाठव."

बाबांनी पिवळी चिंधी हातात घेतली. मग उत्कर्षाकडे पाहिलं. त्या टीशर्टाचे तुकडे त्यांनी स्वतःच कापले होते.

"चूक माझी," ते काकांना म्हणाले. "निघण्याआधी मीच बघायला हवं होतं." चिंधीची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली.

घरी आईने शाबासकीचा शिरा केला होता. ग्रुपवर तिच्या नावाने वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली होती, आणि खाली कोणीतरी विचारलं होतं, चीफ आता रिटायर होणार का? बाबा आपला फोन उलटा ठेवून बॅग भरत होते. चिडले असते तर बरं झालं असतं. शिऱ्याला तुपाचा वास येत होता. तरी उत्कर्षाने ताटली बाजूला सरकवली आणि ती उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या सकाळी मी चोआ चू कांगला काकांच्या घरी जाणार. एकटी. चिंधी मी कोंबली, फीत मी बांधली नाही आणि गप्पही मीच बसले, हे त्यांना तोंडावर सांगणार. ग्रुपवर आत्ताच लिहिते. बाबा, ती चिंधी मला द्या. आणि डिसेंबरचं सर्व्हिसिंग तुम्हीच करायचं. मी बाजूला बसून चिंध्या मोजणार."