एकाच सुराच्या नळ्या

चिमटी नावाच्या मुलीने रबरी चप्पल उचलली आणि पहिल्या नळीच्या तोंडावर फाडकन मारली. नळी ‘भूं’ म्हणाली. दुसरीही ‘भूं’च म्हणाली. तिसरी, चौथी, शेवटची, सगळ्या त्याच सुरात भूं. गेल्या सुट्टीत याच नळ्यांवर ती चांगलं गाणं वाजवायची.

“सर्दी झालीय सगळ्यांना,” भोपळ्या म्हणाला. भोपळ्याला प्रत्येक गोष्टीवर विनोद सुचतो आणि दहातला एखादाच बरा असतो.

तेवढ्यात मागून व्यवस्थापक आले. यांना मुलं इस्त्रीकाका म्हणत, कारण त्यांच्या शर्टाला, केसांना आणि बोलण्यालाही कधी चुणी पडत नसे. त्यांनी चिमटीच्या हातातली चप्पल दोन बोटांत धरून काढून घेतली आणि मुलांनी आपटून आपटून नळ्यांची वाट लावल्याचं जाहीर केलं. शनिवारी समिती येणार होती. सगळ्या वस्तू काचेच्या कपाटांत बंद करायच्या आणि मुलांनी हात मागे बांधून बाहेरून बघायचं, असा त्यांचा प्रस्ताव तयारच होता.

आता ही जागा काय होती ते सांगायला हवं. एक जुनं गोदाम होतं. चिमटीच्या मावशीने वस्तीतल्या लोकांना हाताशी धरून ते झाडलं, रंगवलं आणि त्यात सायकलची चाकं, आरसे, पंप, नळ्या, असलं काय काय जमवून खेळघर उभं केलं. कोणीही यावं, फिरवावं, ओढावं, आपटावं आणि असं का होतं ते आपलं आपण शोधून काढावं. दारावर पाटी एकच होती: ‘हात लावा.’ मग मावशी जिन्यावरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि खेळघरावर देखरेख करणाऱ्या समितीने तिच्या जागी तात्पुरते म्हणून हे इस्त्रीकाका आणून बसवले. उंटावरचा शहाणा शोधायला समितीला फार लांब जावं लागत नाही, हे मोठ्यांच्या जगातलं एक आश्चर्यच आहे.

इस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी ती पाटी उतरवली. का, तर ती तिरकी होती.

संध्याकाळी तिघं मावशीकडे गेली. तिसरा म्हणजे शंकासुर. याला उत्तर दिलं की तो त्या उत्तरावर प्रश्न विचारतो, म्हणून हे नाव. मावशी पलंगावर पाय लांब करून बसली होती. इस्त्रीकाकांचा फोन तिला आधीच येऊन गेला होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त हळू आवाजात म्हणाली, “मी समितीला शब्द दिला होता, मुलांच्या हातून काही मोडत नाही. शनिवारी राजीनामा देईन म्हणते.”

चिमटीला इतकं लागलं की ती पाणीही न पिता बाहेर पडली. खेळघर काचेआड जाईल याचं वाईट वाटत होतंच. पण मावशीचा आपल्यावरचा विश्वास उडाला, हे तिला सहन होईना. रस्त्यात ती रडली आणि भोपळ्याने पहिल्यांदाच विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी तिघांनी खेळघर पालथं घातलं. मोडलेल्या वस्तू पुष्कळ निघाल्या. चढावरून आपोआप वर जाणारा दुहेरी शंकू आता मुकाट्याने खाली घरंगळत होता. त्याच्या खालच्या दोन पट्ट्या पुढे फाकत जायच्या. रुंद जागी शंकू दोन्हींच्या मधे खाली बसतो आणि बघणाऱ्याला वाटतं वर चढला, अशी ती गंमत होती. आता त्या पट्ट्या शेजारीशेजारी, सारख्या अंतरावर, नव्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. चेहरा वेडावाकडा दाखवणारा आरसा जाऊन तिथे साधा सपाट आरसा आला होता. शंकासुर गुडघ्यावर बसून नळ्यांची खालची टोकं बघत राहिला.

“मोडणारा माणूस इतकं सरळ कापतो का?” त्याने विचारलं.

आणि मग तिघांच्याही डोक्यात एकदम उजेड पडला. लांब-आखूड नळ्यांमुळेच तर वेगवेगळे सूर निघायचे. कोणीतरी त्या करवतीने कापून एका उंचीच्या केल्या होत्या. इथे काही मोडलेलंच नव्हतं. सगळं नीटनेटकं केलेलं होतं.

आता जगात इतका नीटनेटका गाढव एकच होता.

भोपळ्याचं म्हणणं, सरळ जाऊन सांगू या. चिमटीने विचारलं, कोणाला? समितीला? मुलांचं ऐकून घेण्याची समितीला सवय असती तर हा माणूस तिथे बसलाच नसता. नाही, त्याला सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानेच काहीतरी ‘नीट’ करू द्यायचं. शंकासुरने तीन शंका काढल्या, पण तिन्हींची उत्तरं मिळाल्यावर तोच सगळ्यात जोरात कामाला लागला.

शनिवारी समितीची माणसं आली. पुढे अध्यक्षबाई, निवृत्त डॉक्टर, आणि त्यांच्यामागे मान डोलावणारी बाकीची मंडळी. मावशीही कुबड्या घेऊन आली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. तिच्या पिशवीतून पाकिटाचं टोक दिसत होतं.

दाराजवळच्या टेबलावर मुलांनी एक गंमत मांडली होती. लाकडी पट्टीचं जेमतेम टोक टेबलाच्या कडेवर टेकलेलं, बाकी सगळी पट्टी हवेत. पट्टीला दोरीच्या फासात हातोडी अडकवलेली, तिरकी, आणि तिचं जड डोकं टेबलाच्या खाली आत वळलेलं. बघणाऱ्याला वाटावं, आता पडेल. पण सगळा भार त्या डोक्यापाशी, म्हणजे टेबलाखालीच असल्यामुळे ती पडत नव्हती. खाली मोठं पत्र्याचं ताट ठेवलं होतं.

अध्यक्षबाई थांबल्या, वाकून बघू लागल्या, हसल्याही. इस्त्रीकाका मात्र घामाघूम झाले. पाहुण्यांसमोर आणि इतकं तिरकं! त्यांनी माफी मागत पुढे होऊन हातोडी धरली आणि सुतासारखी सरळ केली.

ताटावर असा काही आवाज झाला की मान डोलावणाऱ्या मंडळींच्या माना जागच्या जागी थांबल्या.

“बघितलंत ना?” इस्त्रीकाका म्हणाले. “ही मुलं काहीही कसंही लोंबकळत ठेवतात. मी नीट करायला गेलो तर पडलं.”

अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं, आणखी काय काय नीट केलंत? आणि तो शहाणा माणूस अभिमानाने सांगत सुटला. नळ्या लांब-आखूड होत्या, सुताराला बोलावून एका उंचीच्या करून घेतल्या. पट्ट्या फाकलेल्या होत्या, त्या जवळ आणल्या. आरसा फुगलेला होता, तो बदलला. इतकं सगळं नीट करून दिलं, तरी मुलांनी मोडून ठेवलं. एकही वस्तू चालत नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर या चोराला आपण चोर आहोत हेही ठाऊक नव्हतं.

अध्यक्षबाईंनी चप्पल उचलली. एकेका नळीवर मारत त्या शेवटपर्यंत गेल्या. भूं, भूं, भूं. मग त्या वळल्या.

“तुम्ही स्वतः कधी वाजवून पाहिलंत?”

“मी?” इस्त्रीकाकांना प्रश्नच कळला नाही. “मी व्यवस्थापक आहे.”

अध्यक्षबाईंनी चप्पल जागेवर ठेवली.

काचेच्या कपाटांचा प्रस्ताव तिथल्या तिथे निकालात निघाला. मग समितीला भाषणाची उबळ आली. आपला तर मुलांवर पहिल्यापासून विश्वास होता, असं ज्याने त्याने सांगून घेतलं, आणि तिघांच्या पाठी थोपटून थोपटून दुखवल्या. चिमटीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मावशीकडे बघत होती.

मावशी कुबड्या टेकत आली. “मी विचारायला हवं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “फोनवर ऐकलं आणि खरं मानलं. चुकलंच माझं.” चिमटीने तिच्या कमरेला मिठी मारली, इतकी जोरात की एक कुबडी खाली पडली.

अध्यक्षबाईंनी मावशीला विचारलं, या गृहस्थांचं काय करायचं, आजच निरोप द्यायचा का? भोपळ्याने जोरजोरात होकारार्थी मान हलवली. मावशीने इस्त्रीकाकांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “सोमवारपासून सकाळी लहान गटात बसू दे त्यांना. पाच वर्षांच्या मुलांबरोबर. ती शिकवतील.”

इस्त्रीकाकांनी घसा खाकरला आणि तिथे बसायला खुर्ची असेल का, असं विचारलं.

“सतरंजी असते,” मावशी म्हणाली. “आणि ती चुरगळलेली असते.”